पायाला रिंग बसवल्यानंतरचं दुखणं : या चुका टाळा

"थोडं तर दुखणारच, सोस जरा." पाय लांबवण्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या पेशंटला आपल्या मराठवाड्यात हे पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण दुखणं अंगावर काढण्यापायी गुडघा आखडलेला, टाच जमिनीला न टेकणारी, तारांपाशी पू झालेली माणसं फिजिओथेरपीच्या कामात माझ्यासमोर येतात, आणि जीव तुटतो. यातलं बरंचसं टाळता येतं.

हे दुखणं का आणि किती दिवस, ते आधी समजून घ्या. या ऑपरेशनमध्ये पायाभोवती धातूच्या रिंग बसवतात आणि हाडातून जाणाऱ्या तारांनी त्या हाडाला जोडतात. हाड कापल्यावर साधारण ५ ते ७ दिवस थांबतात. मग रिंगवरचे नट फिरवून ते रोज १ मिलिमीटर ओढतात, तेही दिवसातून ४ वेळा पाव-पाव मिलिमीटर. सोव्हिएत रशियात कुर्गान इथे डॉ. इलिझारोव्ह यांनी ही पद्धत बसवली. ४ सेंटिमीटर वाढवायचे तर ओढण्यातच ४० दिवस जातात. नवं हाड पक्कं होईपर्यंत रिंग दर सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना राहते, काहींना त्याहून जास्त. हाडाबरोबर स्नायू आणि नसाही ताणल्या जातात, म्हणून या काळात रात्रीचा ठणका वाढतो.

मेडिकलवरून आणलेली गोळी

ही सगळ्यात मोठी चूक. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी नवं हाड भरायला अडथळा येऊ शकतो, म्हणून बरेच सर्जन या काळात त्या टाळतात. त्यात एप्रिल-मेचं ऊन आणि पोटात पाणी कमी, म्हणजे किडनीवरही ताण. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं, पण त्यालाही मर्यादा आहे : धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत तेच औषध असतं, तेही मोजा. ट्रॅमाडॉल (जास्त दुखण्यावरचं औषध) दिलं असेल तर पुष्कळदा पोट साफ होत नाही. त्यावर काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. "सवय लागेल" म्हणून लिहून दिलेली गोळीही न घेणारे पुष्कळ आहेत. मग व्यायाम होत नाही, झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढतं. गोळी ठरलेल्या वेळी घ्या. एखादी वेळ व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गुडघ्याखाली उशी

बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि तसाच आखडतो. पाय उंच ठेवायचा तर टाचेखाली आधार द्या, गुडघा सरळ. नडगीचं हाड लांबवत असाल तर पाऊल खाली झुकू देऊ नका; दिलेला पट्टा किंवा स्प्लिंट रात्रीही लावा. पाय तासन् तास लटकवून बसलं की सूज आणि ठणका वाढतो. हिंगोली-परभणीहून एसटीने तपासणीला जाताना हेच होतं, म्हणून पाय आडवा ठेवता येईल अशी जागा मागून घ्या. शेजारची माणसं सरकतात, मागायला लाजू नका.

नट मनाने फिरवणं

दुखतंय म्हणून दोन दिवस नट बंद ठेवले तर हाड वेळेआधी जुळू शकतं, मग पुन्हा कापावं लागतं. राहिलेले फेरे एकदम भरून काढले तर नसेवर ताण येतो. फार दुखत असेल तर वेग कमी करता येतो, पण तो सर्जनने ठरवायचा. प्रत्येक फेऱ्याची कॅलेंडरवर खूण करा.

तारांवर हळद-तेल

नको. टँकरचं किंवा बोअरचं पाणीही थेट नको. उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईन, स्वच्छ कापड, धुतलेले हात. मालीशवाल्याला पायाला हात लावू देऊ नका. तंबाखू, गुटखा, बिडी पूर्ण बंद, कारण निकोटीनने हाड भरणं मंदावतं. जेवणात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे वाढवा.

कधी वाट पाहत बसायचं नाही

पहिल्या काही दिवसांत पोटरी दगडासारखी घट्ट, बोटं ताणली की असह्य कळ आणि गोळीने काहीच फरक नाही, तर लगेच हॉस्पिटल गाठा. तासांचा प्रश्न असतो. एका पोटरीला अचानक सूज आली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तरी तसंच, कारण रक्ताची गाठ असू शकते. पाऊल वर उचलता येईना, किंवा मुंग्या येऊन बधिरपणा वाढतोय, तर पुढचा नट फिरवण्याआधी फोन. तारेपाशी लाली, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

फोनवर "खूप दुखतंय" एवढंच सांगू नका. कुठे, कधीपासून, नट फिरवल्यावर वाढतं की आराम करतानाही, १० पैकी किती, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि बोटं हलतात का, हे सांगा. तारांचा फोटो पाठवा. एवढ्यावरून डॉक्टरांना पुष्कळदा कळतं की गोळी बदलायची, वेग कमी करायचा की पेशंटला आत्ताच बोलवायचं.