तगरीवरची हिरवी अळी पतंग होईपर्यंत कशी पाळावी

पावसाळ्यात नाशकात तगरीच्या कुंपणाखाली काळ्या मिरीएवढ्या लेंड्या दिसल्या की वर पाना-पानात शोधा. जाडजूड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे, शेपटाला आखूड पिवळं शिंग. ही डॅफनिस नेरी, म्हणजे कण्हेरीवरही वाढणारा हॉक मॉथ नावाचा पतंग. ते डोळे खोटे असतात आणि शिंग टोचत नाही. द्राक्षवेलीवर सापडणारी अळी निराळ्या जातीची, तिला द्राक्षाचाच पाला द्या.

जाळीच्या झाकणाचा मोठा डबा घ्या. ज्या झाडावर अळी मिळाली त्याचाच न फवारलेला ताजा पाला रोज घाला, लेंड्या रोज काढा. कण्हेर विषारी आहे, पाला तोडल्यावर हात साबणाने धुवा.

खरी परीक्षा पुढे. एके दिवशी अळी खाणं सोडते, पाठ काळपट तपकिरी पडते आणि ती डब्यात सैरभैर फिरू लागते. ‘आजारी पडली, फेकून द्या’ असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ती कोषात जायला जागा शोधत असते. पहिल्या वर्षी मी तिला बागेतल्या काळ्या मातीत ठेवलं, वर पाणीही शिंपडलं. माती घट्ट बसली. काळजीपोटी मी रोज उकरून बघायचो. तिसऱ्या दिवशी अर्धवट कात टाकलेला मऊ कोष माझ्याच बोटाने फुटला. ते अजून सलतं. तेव्हापासून काळी माती नाहीच. चार बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुठीत दाबलं तर पाणी गळू नये इतपतच ओलं, आणि वर वाळक्या पानांचा थर. ती पानंच सैल धाग्यांनी ओढून घेते आणि आत कोष करते. डबा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, निदान आठवडाभर हात लावू नका.

दुसरी चूक गुळगुळीत डब्याची. बाहेर आलेल्या पतंगाला चढून लटकायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग उपाय नाही. आठवड्यानंतर खरबरीत काटकी तिरकी रोवा, आतून सुती कापड लावा.

साधारण दोन आठवड्यांत, गारठ्यात उशिरा, हिरव्या-गुलाबी पंखांचा पतंग बाहेर येतो, बहुधा रात्री. पंख सुकू द्या. दुसऱ्या दिवशी अंधार पडताना डबा मोगऱ्याजवळ उघडा. उडण्याआधी तो अंग तापवायला पंख थरथरवतो. त्याला हात लावू नका आणि बाल्कनीतला दिवा बंद ठेवा.