आधी बोलावे लागणाऱ्या जागेवरून आक्रमक बोली

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी दिवाळीत पैशांऐवजी चिंचोके लावून नो-लिमिट (बोलीवर कमाल मर्यादा नसलेला) पोकर रंगतो आणि नवखे खेळाडू बहुतेक चिंचोके ब्लाइंडच्या, म्हणजे पाने पाहण्याआधीच सक्तीची बोली लावाव्या लागणाऱ्या, जागांवरून गमावतात. फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर) प्रतिस्पर्ध्याच्या आधी बोलावे, म्हणजे आपली चाल सांगावी, लागत असल्याने त्याचा बेत न कळताच आपल्याला निर्णय घ्यावा लागतो, म्हणून या जागेवरून पाने निवडकच खेळावीत. मात्र जी खेळू ती जोर लावून खेळावीत.

समजा, ब्लाइंड १० व २० चिंचोक्यांचे आहेत, बटनवरील (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरील) खेळाडूने बोली ६० केली आणि आपण बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे २० च्या जागेवर, आहोत. येथे १८० नव्हे, तर सुमारे २४० पर्यंत वाढवावे, कारण स्वस्तात फ्लॉप पाहू दिल्यास नंतर बोलण्याचा त्याचा फायदा प्रत्येक फेरीत वाढत जातो. त्याने साथ दिली (तेवढेच चिंचोके लावले) आणि १० लावणाऱ्याने पाने टाकली, तर पॉट (मधोमध जमलेले चिंचोके) ४९० चा होतो. फ्लॉपवर बदाम राजा, किलवर सत्ती व इस्पिक दुर्री अशी विस्कळीत पाने आली, तर १६० ची बोली पुरते. हाती काही नसतानाही ती चारांतून एकदा यशस्वी झाली, म्हणजे त्याने पाने टाकली, तरी तोटा होत नाही. पॉटइतकी बोली मात्र निम्म्या वेळा यशस्वी व्हावी लागते.

फ्लॉपवर दोन बदाम असून हातातही दोन असतील, तर चेक करून (बोली न लावता पाळी पुढे देऊन) त्याच्या बोलीवर रेझ करावे (बोली वाढवावी). त्याने पाने टाकली नाहीत तरी पुढील दोन पानांत फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) जुळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के उरते. प्रत्येक बोलीवर साथ देणाऱ्या खेळाडूपुढे मात्र फसवी बोली अजिबात लावू नये.