विमानात टिप देताय? या चुका टाळा

अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये काढली. किती जणांनी नोटा पुढे केल्या ते मोजलं नाही, पण परत करतानाची कसरत अजून आठवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नकाराला भिडस्तपणा समजणं. एकदा उतरताना एका आजोबांनी नोट पुढे केली. गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांची जागा बदलून दिली होती, तेवढंच. मी हात जोडून नको म्हटलं. त्यांना वाटलं रक्कम कमी पडली, म्हणून त्यांनी पाकिटातून मोठी नोट काढली. मागे रांग तुंबलेली, कुणाच्या खांद्यावर बॅग, कुणाचं मूल रडतंय. शेवटी नोट माझ्या एप्रनच्या खिशात सरकवून आजोबा समाधानाने गेले. मला मात्र सिनिअरला सांगून, लेखी नोंद करून ती जमा करावी लागली. घरी जायला पाऊण तास उशीर! बहुतेक कंपन्यांत टिप घ्यायला मनाईच असते. एकदा नाही म्हटलं की पाकीट खिशात ठेवा.

दुसरी चूक, ‘अमेरिकेत सगळीकडे टिप देतात, मग विमानातही द्यायची.’ तिथल्या रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देतात, कारण टिपवर काम करणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच अडकलंय. केबिन क्रूचा पगार या हिशोबात बसत नाही. आणि आम्ही वेटर नव्हे. आणीबाणीत ९० सेकंदांत विमान रिकामं करता यावं, हे आमच्या प्रशिक्षणाचं मूळ, चहा-कॉफी त्यानंतर. अपवाद फ्रंटियर या अमेरिकी विमान कंपनीचा. तिथे खाणं-पिणं विकत घेताना टॅबलेटवर टिपचा पर्याय येतो आणि २०१९ पासून ती रक्कम त्या-त्या कर्मचाऱ्याला मिळते. क्रूच्या संघटनेलाच ही पद्धत पसंत नाही. मलाही नाही.

जपानमध्ये तर हा विचारही करू नका. तिथे रेस्टॉरंटच्या टेबलावर ठेवलेले पैसेसुद्धा ‘विसरलात’ म्हणून मागे धावत आणून देतात.

विमानात चढता चढता, पुढची चांगली सीट मिळावी म्हणून दिलेली नोट ही टिप नाही, सरळ लाच आहे. असे घायकुते प्रवासी आम्हाला दारातच ओळखू येतात.

उरलेली परदेशी चिल्लर क्रूच्या हातावर ठेवू नका. काही कंपन्या युनिसेफच्या ‘चेंज फॉर गुड’ या देणगी मोहिमेसाठी १९८७ पासून पाकिटं फिरवतात, त्यात टाका.

घरी केलेला खाऊही नको. प्रेम कळतं, पण खाता येत नाही. सीलबंद चॉकलेटचा डबा चालतो, तोही सगळ्या क्रूसाठी आणि चढतानाच दिलेला.

आता मी प्रवासी म्हणून जाते तेव्हा चांगली सेवा देणाऱ्या क्रूच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि फ्लाइट नंबर बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवते. त्याच रात्री कंपनीला कौतुकाचा चार ओळींचा मेल करते. माझ्या फाइलमध्ये असे सात मेल होते, ते पाठवणाऱ्यांपैकी दोघांची नावं अजून पाठ आहेत.