आधी वही, मग मिस्त्री: १९५८ सालचं घर दुरुस्त करताना

आमचं पुण्याच्या एरंडवण्यातलं घर सासऱ्यांनी १९५८ साली बांधलं. खाली तीन खोल्या, वर दोन, पुढे अर्धगोल व्हरांडा आणि गच्चीवर जाणारा मोझॅकचा जिना. दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या बिल्डरकडून मिठाईचा पुडा येतो. मिठाई आम्ही खातो, सोबतचं पत्र रद्दीत जातं. पण गच्ची गळायला लागली, न्हाणीघराची भिंत ओली राहू लागली आणि एका बटणाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा दुरुस्ती टाळता येईना. आठ महिने काम चाललं. तुमचं घर याच सुमाराचं असेल, मग ते दादर-माटुंग्याचं असो की कोल्हापूरचं, तर माझ्या वहीतलं काही तुमच्या कामाला येईल.

वही म्हणजे खरीखुरी वही. मी गणिताची शिक्षिका होते, चौकटी आखल्याशिवाय मला सुचत नाही. मिस्त्रीला फोन करायच्या आधी पंधरा दिवस खोलीखोलीतून फिरले. प्रत्येक खोलीला एक पान: फरशी कुठली, भिंत किती जाड, ओल कुठे, दारं किती, बिजागऱ्या पितळी की लोखंडी. जे बदलायला हवं ते लाल शाईनं, जे चांगलं आहे ते निळ्या. पानं भरल्यावर लक्षात आलं की लाल शाई जवळजवळ सगळी न दिसणाऱ्या गोष्टींवर आहे: वायरी, नळ, गच्चीचा कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटा-सिमेंटचा थर). निळी सगळी रोज हाताखाली-पायाखाली येणाऱ्या गोष्टींवर. आणि मग मिस्त्रींनी अंदाजपत्रक दिलं ते नेमकं उलटं! फरशी, दारं, खिडक्या सगळं नवं, आणि वायरींचं काय विचारलं तर, "चालतील अजून, काकू."

तेव्हा पहिला पैसा इंजिनियरवर घाला, ठेकेदारावर नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला घर दाखवा. अशा बऱ्याच बंगल्यांत कॉलम नसतात, भिंतीच वजन पेलतात. नऊ किंवा चौदा इंची भिंत दिसली की 'हॉल आणि स्वयंपाकघर एक करू' हा विचार तिथेच थांबवा. स्लॅबचा गिलावा फुगून पडत असेल तर वरून सिमेंट थापून भागत नाही. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. गंजलेला भाग मोकळा करायचा, सळई घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल, भरायचा. गच्चीवर जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू देऊ नका. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतं. आमच्या गच्चीवर असे दोन थर निघाले. ते उतरवल्यावर स्लॅबला बरं वाटलं असणार, मला तर नक्कीच वाटलं.

वायरिंग पूर्ण नवं करा, यात हळवेपणा नको. लाकडी पट्टीतल्या रबरी वेष्टनाच्या वायरी हात लावला की भुगा होऊन पडत होत्या आणि अर्थिंगचा पत्ता नव्हता. मात्र त्यासाठी भिंती फोडायची गरज नाही. विशेषतः वजन पेलणाऱ्या भिंतीत आडवी खाच मारू देऊ नका. आम्ही जुन्याच मार्गानं नवी सागवानी पट्टी फिरवली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवला. काळी गोल बॅकेलाइटची बटणं मला फार आवडायची. त्यातली दोन फक्त शोभेला ठेवलीत, पाहुण्यांची मुलं ती दाबत बसतात.

आता फरशी. आमच्याकडे दोन जातींच्या आहेत आणि दोघींची तब्येत वेगळी. हॉलमध्ये आणि जिन्यावर मोझॅक, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे कपचे. माजघरात आणि देवघरात नक्षीची सिमेंटची फरशी. मोझॅकला पॉलिशचं मशीन चालतं, कारण वरच्या जाड थरात कपचे खोलवर असतात. नक्षीच्या फरशीत रंगाचा थर जेमतेम तीन-चार मिलिमीटर असतो. तिथे पॉलिशवाल्यानं जाड दगड फिरवला की नक्षीच निघून जाते. तिला साबणपाणी, मऊ ब्रश आणि धीर एवढंच लागतं. कामाआधी दोन्ही फरश्या बोटाच्या पेरांनी ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे, तेवढीच फरशी उचलून पुन्हा बसवायची. आमची मूळची फरशी चुन्यावर बसवलेली होती, त्यामुळे पातळ छिन्नीनं अलगद सुटली. पुढे कधीतरी सिमेंटवर बसवलेल्या तुकड्यांचे मात्र दोन-दोन भाग झाले. बदली फरशी घरातच शोधा. कपाटाखालची, कोठीच्या खोलीतली, पलंगामागची काढून मधल्या जागी लावा आणि कोपऱ्यात नवी घाला. हुबेहूब रंगाची नवी फरशी मिळत नाहीच, तिचा चेहरा कोवळा दिसतो. तरी मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही १९२२ साली स्वदेशीच्या काळात निघालेली कंपनी आजही अशा फरश्या बनवते, तिथे चौकशी करायला हरकत नाही.

आणि ॲसिड घरात येऊ देऊ नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावायला हवं होतं. गिलाव्याचे शिंतोडे काढायला एका पोऱ्यानं हॉलच्या कोपऱ्यात ॲसिडची बाटली ओतली. मी चहा घेऊन आले तर फरशीवर फेस येत होता, सोडा उघडल्यासारखा. संगमरवर म्हणजे चुनखडीच, ॲसिड त्याला खातं. बादलीभर पाणी ओतलं, पण पांढरे कपचे तोवर खड्ड्यात गेले होते आणि भोवतीचं सिमेंट तसंच वर राहिलं होतं. हात फिरवला की अजून खरखर लागते. पॉलिशवाल्यानं ६० नंबरच्या खरखरीत दगडापासून ४०० नंबरच्या बारीक दगडापर्यंत चढत जाऊन बाकीचा हॉल आरशासारखा केला. तो कोपरा मात्र आता टीपॉयखाली आहे.

खिडक्यांवर सगळ्यात जास्त वाद झाले, घरातच. मुलाचं म्हणणं, स्लायडिंग लावू, धूळ येणार नाही. मी त्याला मोजून दाखवलं: दोन पाखांची (झडपांची) सरकती खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. आमची सागवानी खिडकी पूर्ण उघडते आणि वरच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर जाते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता याचा अर्थ कळतो. लाकूड कुजलं होतं ते फक्त पाखांच्या खालच्या आडव्या पट्टीत, जिथं पावसाचं पाणी थांबतं. सुतारकाकांनी तेवढीच पट्टी कापून भवानी पेठेतून आणलेल्या जुन्या सागाचा सांधा दिला. नवं लाकूड जुन्याला जोडलं की पुढच्या पावसाळ्यात ते वेगळं फुगतं, असं त्यांचं म्हणणं. पाखं काढताना प्रत्येकावर आकडा घालायचा असतो, कारण एका चौकटीचं पाख दुसरीत बसत नाही. मी पेन्सिलीनं आकडे घालत गेले. रंग खरवडल्यावर बिजागरीच्या कडेला छिन्नीच्या बारीक खाचा दिसल्या: एक, दोन, तीन, पुढे अकरापर्यंत. १९५८ च्या सुतारानंही मोजून ठेवलं होतं, तेही माझ्याच क्रमानं, पूर्वेकडून.

रंग खरवडताना काळजी घ्या. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. कोरडा सँडपेपर मारायचा नाही. पाणी शिंपडून ओलं खरवडायचं, तोंडाला मास्क, आणि नातवंडांना तेवढे दिवस मामाकडे. पितळी कड्या, कोयंडे, आकड्या रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ठेवल्या की रंग सालीसारखा सुटतो. भांडं मात्र स्वयंपाकाचं नको, आणि हातमोजे हवेत. नंतर चिंच आणि मीठ. जुने स्क्रू सुद्धा डबीत घालून वर खिडकीचा नंबर लिहा. नव्या स्क्रूचा चकचकीत पिवळा डोळा दाराच्या चेहऱ्यावर फार खुपतो.

ओलीच्या भिंतीला आधी पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट दिला की भिंत श्वास कोंडल्यासारखी करते आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. आधी ओलीचं मूळ शोधा. आमच्याकडे ते न्हाणीघराच्या गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात होतं. पाइप बदलल्यावर भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवली, मगच चुन्याचा हात दिला. पाहुणे विचारायचे, काम थांबलंय का? थांबलेलं नव्हतं, सुकत होतं.

स्वयंपाकघरात मी फार हट्ट केला नाही. ओटा तीस इंचांचा होता, माझी कंबर दुखायची, तो चौतीस केला. जुनी कडप्प्याची फळी मात्र कोठीत लावून घेतली.

शेवटचं, भंगारवाल्याबद्दल. काम संपेपर्यंत त्याला फाटकाच्या आत घेऊ नका. तिसऱ्याच दिवशी मी बँकेत गेले असताना कुणीतरी स्वयंपाकघरातल्या फडताळाची दारं त्याला देऊन टाकली, सत्तर वर्षांचा साग, वजनावर. सासूबाई त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या, आतल्या बाजूला त्यांच्या हातचे दुधाच्या हिशेबाचे आकडे होते. पुढे जुन्या बाजारात दुसरी जोडी मिळाली, अर्धा इंच जास्त रुंद. सुतारकाकांनी ती रंधून बसवली, पण बिजागऱ्यांची भोकं जुळेनात. मग जुन्या भोकांत सागाच्या बारीक खुंट्या ठोकल्या. फडताळ उघडलं की त्या सहा गोल खुंट्या दिसतात.