विभागाच्या प्रकल्पासाठी लॅपटॉप: जुना घ्यावा की नवा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या, लोकांच्या पेटीतली जुनी पत्रं स्कॅन करायची आणि सगळं टाइप करून ठेवायचं, असा आमच्या कॉलेजच्या मराठी विभागाचा प्रकल्प. लॅपटॉप हवे होते पाच आणि पैसे होते तीन नव्यांचे. स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडले. "सेकंडहँड घेऊया की, पाच येतात," हा एक. "जुनं घेऊन डोक्याला ताप कशाला?" हा दुसरा. दुकानात जाण्याआधी काही गोष्टी कागदावर केल्या, तेव्हा वाद मिटला.

सगळ्यात आधी अनुदानाचं पत्र वाचा. त्यात 'नवीन उपकरणं' असं म्हटलेलं असेल तर विषय संपला. तसं नसेल तर जुने घ्यायची परवानगी प्राचार्यांकडून लेखी घ्या. दुकानदाराकडून पक्कं बिल हवं आणि त्यावर प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर हवा, नाहीतर डेड स्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत) नोंद करताना आणि पुढे ऑडिटला तुम्हीच अडकता. 'कोल्हापूरला स्वस्त मिळतं' हे आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच. नव्या लॅपटॉपवर जीएसटी बेळगावात आणि कोल्हापुरात १८ टक्केच आहे, आणि एक बिजागरी ढिली झाली म्हणून शंभरेक किलोमीटर जायचं असेल तर वाचलेले पैसे एसटीत जातात.

मग वर्षांचा हिशेब मांडा. समजा नवा ४५ हजारांना मिळतो आणि पाच वर्षं चालतो. वर्षाला ९ हजार पडले. जुना १९ हजारांना, वर ३ हजारांची बॅटरी, म्हणजे २२ हजार. तो दोन वर्षांत बसला तर वर्षाला ११ हजार, तीन वर्षं चालला तर साधारण ७,३००. म्हणजे जुन्याचा फायदा त्या तिसऱ्या वर्षात आहे. जुना तपासताना प्रश्न एकच: हा तिसरं वर्ष बघेल का?

त्यासाठी आधी प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज १० चा सपोर्ट (मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आय५-८३५०यू असं लिहिलेलं असेल तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आकडा १० किंवा ११ ने सुरू होत असेल तर दहावी किंवा अकरावी पिढी. सहाव्या-सातव्या पिढीवरही दुकानदार आडवाटेने विंडोज ११ चढवून दाखवतात, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री नसते. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप तिथेच चालवून बघा.

जुन्यात घरगुती मॉडेलपेक्षा ऑफिसांतून आलेली मॉडेलं बरी: लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक. अंग मजबूत असतं, सुटे भाग मिळतात. २०१८ च्या थिंकपॅड टी४८० ला रॅमच्या दोन जागा आहेत आणि मागची बॅटरी काढून दुसरी घालता येते. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली की या दुसऱ्या बॅटरीचं मोल कळतं.

बॅटरीबद्दल दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला भरणारी क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. एसएसडीची, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्कची, तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं. नंतर नोटपॅड उघडून एकेक की दाबा, शिफ्टसकट. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डात 'ळ' शिफ्ट दाबूनच येतो, आणि 'ळ' नसेल तर बेळगाव तरी कसं लिहिणार? मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच असतात, वेगळे विकत घ्यायला नकोत.

आता आमची फजिती. मागे घेतलेला एक जुना लॅपटॉप दोन महिने छान चालला. मग विंडोज नव्याने टाकलं, इंटरनेट जोडलं, आणि पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं, खाली लॉगिनची चौकट. मशीन अजून त्या कंपनीच्याच यादीत होतं, त्यांच्या लॉगिनशिवाय पुढे जाईना! विकणारा म्हणाला होता, "बिनधास्त घेऊन जावा की सर, काय होत नाही." म्हणून आता दुकानातच विंडोज रिसेट करायला लावतो, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतो आणि चहा पिऊन येतो. पडद्यावर परकी कंपनी दिसली, किंवा बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) उघडताना पासवर्ड मागितला, तर मशीन तिथेच ठेवून यायचं.

नव्याचं तपासणं सोपं. ४ जीबी रॅम बोर्डालाच चिकटवलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, नको. त्यापेक्षा चांगला जुना बरा. ८ जीबी हवीच, आणि वाढवायची सोय विचारा. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळीला जावं लागेल हेही विचारा.

शेवटी आम्ही एक नवा आणि चार जुने घेतले. एक लाख ३३ हजारांत बसलं. नव्यावर आवाजाचं संपादन आणि सगळ्या फायलींची मूळ प्रत, कारण तिथे बंद पडलेलं परवडत नाही. जुन्यांवर टायपिंग आणि स्कॅनिंग. दुकानदाराकडून महिन्याची बदलून द्यायची हमी बिलावरच लिहून घेतली आणि पहिले पंधरा दिवस चारही जुने मुद्दाम दिवसभर राबवले. एकाचा पंखा नवव्या दिवशी कुरकुरला. तो परत गेला, दुसरा आला.