कोलेस्टेरॉलची गोळी आणि मधुमेहींचे डोळे: या चुका टाळा

लिपिड प्रोफाइलच्या (रक्तातील चरबीच्या तपासणीच्या) अहवालात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आटोक्यात दिसला की अनेक मधुमेही कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करतात. तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो आणि ती थांबवल्यावर काही आठवड्यांत पुन्हा चढतो, हे लक्षात घेतले जात नाही. शिवाय स्टॅटिन मुख्यतः हृदयविकार व पक्षाघात टाळण्यासाठी असते. ते घेतले म्हणजे डोळ्यांचीही सोय झाली, असा अर्थ काढू नये.

डोळ्यांच्या पडद्याच्या बाबतीत खरा पुरावा आहे तो फेनोफायब्रेट या ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) कमी करणाऱ्या औषधाचा. टाइप २ मधुमेहाच्या ९,७९५ रुग्णांवरील ‘फील्ड’ चाचणीत या औषधामुळे रेटिनोपॅथीसाठी (मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या इजेसाठी) पहिल्यांदा लेसर करावे लागण्याचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. ‘अकॉर्ड’ चाचणीत (२०१०) ते स्टॅटिनच्या जोडीला दिले असता चार वर्षांत रेटिनोपॅथी बळावण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांऐवजी ६.५ टक्के राहिले, आणि स्कॉटलंडमधील ‘लेन्स’ चाचणीनेही २०२४ मध्ये हाच कल दाखवला. विशेष म्हणजे ‘फील्ड’मधील हा फायदा रक्तातील चरबीच्या आकड्यांवर अवलंबून नव्हता. त्यामुळे ‘ट्रायग्लिसराइड नॉर्मल आहेत, मग याचा काय उपयोग?’ हा प्रश्न जितका फसवा, तितकेच शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणणेही घातक. फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढू शकते आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा कमी करावी लागते किंवा औषध टाळावे लागते. स्टॅटिनसोबत घेताना स्नायू दुखू लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले, ही समजूतही सोडावी. (साखर चढलेली असताना काढलेला नंबर बऱ्याचदा साखर उतरल्यावर बदलतो, तेव्हा त्या चष्म्याचे पैसेही वाया जातात.) रेटिनोपॅथीच्या सुरुवातीला नजर अगदी स्वच्छ असते. म्हणून टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही, तरीही पुणेकर दुचाकीवरूनच परतायला निघतात. त्या दिवशी रिक्षा करावी किंवा घरातल्या कुणाला सोबत न्यावे. मात्र डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेसमोर पडदा ओढला गेल्यासारखे वाटले, तर वार्षिक तपासणीची तारीख न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.