जंगली झाडांचं बी उगवत नाही? आधी या चुका टाळा

पेरलं, पंधरा दिवस पाणी घातलं, काहीच वर आलं नाही, की "बीच खराब होतं" म्हणून पिशवी ओतून टाकायची, हे बहुतेक सगळेच करतात. पण जंगली बी बरेचदा ठणठणीत असतं, आपण सगळ्या जातींना एकच नियम लावतो तिथे गडबड होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बी गोळा केलं की वाळवून बरणीत भरायचं. बहाव्याला ते चालतं, वर्षानुवर्षं टिकतो. जांभूळ वाळलं की मेलंच, साल वृक्षाचं बी तर जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं, आणि कडुनिंबाचा गर धुवून काढून दोनतीन आठवड्यांत पेरलात तरच मजा, नंतर उगवण धडाधड घसरते.

बहाव्याचा प्रॉब्लेम उलटा, कवच इतकं टणक की पाणी आतच शिरत नाही. रात्रभर भिजत घाला आणि सकाळी बघा, फुगलं नसेल तर बी मेलेलं नाही, दार बंद आहे एवढंच. सँडपेपरवर थोडं घासा, किंवा उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून त्यात बी टाका आणि पाणी गार होऊन रात्रभर राहू द्या. गॅसवर उकळत ठेवू नका हो, शिजतं ते! आणि हा प्रयोग जांभळावर तर अजिबात नको.

सागाला आणखी वेगळी तऱ्हा, रात्री भिजवा, दिवसा कडक उन्हात वाळवा, असं बरेच दिवस चालू ठेवायचं. तरी सगळं एकदम उगवत नाहीच, काही बिया पुढच्या पावसाळ्यात डोकं काढतात, म्हणून वाफा लगेच उकरू नका. शंका असेल तर चारपाच बिया कापून बघा, आत भरीव पांढरा गर दिसला तर वाट बघण्यात अर्थ आहे. पाण्यात तरंगलं की पोकळ, हा नियम अर्जुन, ऐन अशा पंखवाल्या फळांना लावू नका, ती चांगली असली तरी तरंगू शकतात.

खोलीचं सोपं आहे, बी जेवढं जाड त्याच्या दुप्पटतिप्पट माती, बास. वड, उंबर यांचं बी धुळीसारखं, ते वरच भुरभुरायचं, झाकायचं नाही, आणि पाणी फवाऱ्याने.

आता उगवल्यावरची कटकट. काल ताठ असलेलं रोप आज मातीलगत बारीक, तपकिरी होऊन आडवं पडलंय? ही बुरशी आहे, दाट पेरणी, सतत ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की ती पसरतेच. पडलेलं रोप वाचत नाही, ते काढून टाका, पाणी थांबवा, बाकीची विरळ करून हवेशीर जागी ठेवा. मरतंय म्हणून अजून पाणी घालणारे लोक बघितले की खरंच डोक्याला हात लावावासा वाटतो. रोप लांबुडकं, फिकट आणि झुकलेलं असेल तर मात्र उजेड कमी पडतोय, खत नको, जागा बदला. पण सावलीतून थेट भर उन्हात नेलंत तर पानं करपतील, दोनतीन आठवडे हळूहळू ऊन वाढवा.

आणि पिशवीत फार महिने ठेवू नका, सोटमूळ तळाशी जाऊन गोल फिरायला लागतं, वरून रोप झकास दिसतं आणि लावल्यावर काही वर्षांनी वाऱ्यात कलंडतं. लावताना गुंडाळलेली मुळं दिसली तर तेवढी छाटूनच लावा.